बंदुकीसाठी बनवलेलं स्टील फेल गेलं आणि स्वयंपाकघरात पोचलं : हॅरी ब्रिअर्लीची गोष्ट

आहेरात आलेले डबे, आजीचं नाव कोरलेली वाटी, रोजच्या जेवणाची ताटं. आपल्या घरात स्टीलची भांडी इतकी आहेत की त्यांच्याकडं कुणाचं लक्षही जात नाही. मध्यंतरी नॉन-स्टिक तवा आला. आणि आता रील्समध्ये सारखं दिसतंय ते हायब्रिड पॅन. म्हणजे वर स्टीलची उभारलेली जाळी, जाळीच्या खळग्यांमध्ये काळं नॉन-स्टिक कोटिंग आणि खाली पुन्हा स्टील.

महागडं पॅन घरी येतं, दोन-तीन महिने मजेत जातात, मग अंडं चिकटायला लागतं, तळाला इंद्रधनुषी डाग पडतात आणि पैसे वाया गेले असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा चूक पॅनची नसते. एकाच भांड्यात दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी आहेत आणि आपण दोघींना एकाच पद्धतीनं वागवतो, हा खरा घोळ असतो.

हा घोळ समजून घ्यायचा असेल तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात जावं लागतं. कारण या पॅनमधल्या स्टीलची गोष्ट तिथल्या एका गरीब घरातल्या मुलापासून सुरू होते. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली.

बाराव्या वर्षी शाळा सुटली

शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव. चौदाव्या शतकात चॉसरनं लिहिलेल्या गोष्टीतही शेफिल्डच्या चाकूचा उल्लेख सापडतो. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समननं याच भागात मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बसवली आणि शेफिल्डचं नाव जगभर झालं.

अशा गावात १८ फेब्रुवारी १८७१ ला हॅरीचा जन्म झाला. वडील जॉन भट्टीवर पोलाद वितळवायचं काम करायचे. काम अंगमेहनतीचं, उष्णतेनं माणूस भाजून निघेल असं. घर लहान, भावंडं बरीच, पैसा कमी. हॅरी बाराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला आणि पोलादाच्या कारखान्यात मजूर म्हणून लागला.

थोड्याच दिवसांत त्याला ‘थॉमस फर्थ अँड सन्स’ या कंपनीच्या रसायन प्रयोगशाळेत पाठवण्यात आलं. तिथं त्याचं काम होतं बाटल्या धुणं आणि पडेल ते करणं. पण तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ जेम्स टेलर यांनी या पोराला जवळ केलं. गणित शिकवलं, वाचायला लावलं, हातानं वस्तू बनवायची सवय लावली. हॅरी दिवसा लॅबमध्ये राबायचा आणि संध्याकाळी शिकायचा. कॉलेजची पदवी त्याच्याकडं कधीच नव्हती. पण पोलादात काय काय मिसळलंय हे शोधून काढण्यात त्याचा हात धरणारं फारसं कुणी उरलं नाही. १९०२ मध्ये फ्रेड इबॉट्सन यांच्यासोबत त्यानं पोलाद कारखान्यातल्या रासायनिक तपासणीवर पुस्तकही लिहिलं. ज्या लॅबमध्ये बाटल्या धुतल्या, त्याच लॅबमधल्या लोकांनी वाचावं असं हे पुस्तक होतं.

नंतर तो काही वर्षं रिगाला गेला. आज लाटव्हियाची राजधानी असलेलं हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं आणि फर्थ कंपनीचा तिथं कारखाना होता. १९०५ च्या क्रांतीची धामधूम त्यानं तिथंच पाहिली. तिथं त्याला आणखी एक गोष्ट पक्की कळली. पोलादात काय घातलंय याइतकंच ते किती तापवलं आणि कसं थंड केलं यालाही महत्त्व असतं. ही गोष्ट पुढं त्याच्या आयुष्यात फार कामाला आली.

१९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून ‘ब्राऊन फर्थ रिसर्च लॅबोरेटरीज’ सुरू केली आणि प्रमुख म्हणून हॅरी ब्रिअर्लीला नेमलं.

प्रश्न बंदुकीचा होता

१९१२ मध्ये बंदुका बनवणाऱ्यांची एक तक्रार त्याच्याकडं आली. गोळी सुटताना तयार होणाऱ्या तापलेल्या वायूंमुळं बंदुकीच्या नळ्या आतून झिजत होत्या. नळी झिजली की गोळी नीट बसत नाही आणि नेम चुकतो. यावर उपाय काय?

इथं प्रश्न गंजाचा नव्हता, झिजेचा होता. ब्रिअर्लीला वाटलं, पोलादात क्रोमियम वाढवून बघावं. क्रोमियम घातलेलं पोलाद जास्त उष्णता सोसतं हे माहीत होतं. त्यानं वेगवेगळ्या प्रमाणात क्रोमियम घालून प्रयोग सुरू केले. सुरुवातीचे नग मनासारखे झाले नाहीत. शेवटी १३ ऑगस्ट १९१३ ला विजेच्या भट्टीत एक घाण निघाला. त्यात क्रोमियम होतं १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के.

याबद्दल एक गोष्ट सगळीकडं फिरते. ब्रिअर्लीनं फसलेल्या नळ्या भंगारात फेकल्या, काही महिन्यांनी त्या ढिगात एक नळी चमकताना दिसली आणि शोध लागला. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण खरा प्रकार लॅबच्या टेबलावर घडला.

पोलाद आतून कसं आहे हे बघायचं तर त्याचा तुकडा आधी आरशासारखा घासतात. मग त्यावर नायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण लावतात. ॲसिड पोलादाला थोडं थोडं खातं, कणांच्या सीमा उघड्या पडतात आणि मायक्रोस्कोपखाली नक्षी दिसते. रोजचं काम. पण या नव्या पोलादावर ॲसिड नीट चालेचना. तुकडा तसाच गुळगुळीत राहिला.

दुसऱ्या कुणी हा नमुना बाजूला टाकला असता. तपासताच येत नाही असा नमुना काय कामाचा? ब्रिअर्लीनं उलटा विचार केला. ज्याला लॅबमधलं ॲसिड खात नाही, त्याला स्वयंपाकघरातलं आंबट काय करणार? त्यानं व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून बघितला. पोलादावर डाग पडला नाही.

बंदुकीच्या नळीसाठी या पोलादाचा फारसा उपयोग झाला नाही. पण ब्रिअर्लीचं डोकं तोवर सुऱ्या-काट्यांकडं वळलं होतं. तो शेफिल्डचा पोरगा होता. सुरी म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

सुरीला धार येईना

तेव्हाच्या सुऱ्या साध्या कार्बन पोलादाच्या असायच्या. लिंबू कापलं की पातं काळं पडायचं, ओली राहिली की गंज चढायचा. दर जेवणानंतर सुऱ्या घासून-पुसून कोरड्या कराव्या लागायच्या. श्रीमंत घरांत मासे आणि फळं खाण्यासाठी चांदीच्या वेगळ्या सुऱ्या असायच्या, कारण पोलादाची चव आणि डाग दोन्ही लागायचे. आपल्याकडं विळीचं पातं कैरी चिरल्यावर काळं पडतं, तसाच हा प्रकार.

ब्रिअर्लीनं कंपनीला सांगितलं, या पोलादाच्या सुऱ्या करू. कंपनीनं मनावर घेतलं नाही. त्यानं शेफिल्डच्याच सुऱ्या बनवणाऱ्यांकडं नमुने पाठवले. त्यांनी करून बघितलं आणि हात टेकले. हे पोलाद ठोकताना हत्यारं खराब होतात, घासायला अवघड, आणि मुख्य म्हणजे धार धरत नाही. गावात टिंगल सुरू झाली. ज्या सुऱ्या कापतच नाहीत अशा सुऱ्यांचा शोध लावणारा माणूस म्हणून लोक ब्रिअर्लीकडं बघून हसायला लागले.

१९१४ मध्ये त्याची गाठ अर्नेस्ट स्टुअर्टशी पडली. स्टुअर्ट हा ‘आर. एफ. मोझली’ या कंपनीत सुऱ्यांचं काम बघायचा. हा कारखाना पोर्टलंड वर्क्स नावाच्या इमारतीत होता आणि ती इमारत शेफिल्डमध्ये आजही उभी आहे. न गंजणारं पोलाद असू शकतं यावर स्टुअर्टचा विश्वास नव्हता. पण त्यानं तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून बघितला आणि तो चकित झाला. ब्रिअर्ली या पोलादाला न गंजणारं म्हणत होता. स्टुअर्टनं त्याला ‘स्टेनलेस’ म्हटलं, म्हणजे डाग न पडणारं. गिऱ्हाइकाला कोणता शब्द कळेल हे दुकानदारी करणाऱ्याला जास्त चांगलं समजतं. तेच नाव जगभर चिकटलं.

स्टुअर्टचे पहिले प्रयत्नही फसले. मग ब्रिअर्ली स्वतः कारखान्यात जाऊन उभा राहिला आणि गोम सापडली. कारागीर जन्मभर साध्या पोलादाला ज्या तापमानाला पाणी देत आले होते, त्याच तापमानाला या नव्या पोलादालाही देत होते. याला मात्र त्यापेक्षा बरंच जास्त तापवायला हवं होतं. रिगामध्ये शिकलेला धडा इथं उपयोगी पडला. तापमान बदललं आणि सुरीला धार आली.

ब्रिअर्लीनं सुऱ्या ओळखीच्या लोकांना वापरायला दिल्या, डाग पडला तर परत आणा या अटीवर.

शोध कुणाचा? नोकराचा की कंपनीचा?

इथून पुढची गोष्ट भांडणाची आहे. आजच्या कुठल्याही कॉर्पोरेट ऑफिसात घडू शकेल अशी.

स्टेनलेस सुऱ्यांना मागणी येतेय हे दिसल्यावर फर्थ कंपनी जागी झाली. पोलाद आमच्या लॅबमध्ये बनलं, म्हणजे ते आमचं, अशी कंपनीची भूमिका. कंपनीनं ज्या वापराकडं दुर्लक्ष केलं तो आपण शोधला, त्यामुळं हक्कात आपलाही वाटा आहे, हे ब्रिअर्लीचं म्हणणं. कंपनीनं ब्रिटनमध्ये पेटंट घेतलंच नव्हतं. वाद वाढला आणि १९१४ च्या शेवटी ब्रिअर्लीनं राजीनामा दिला. ज्या कंपनीत बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली तिथून तो बाहेर पडला. १९१५ मध्ये तो शेफिल्डच्याच ‘ब्राऊन बेलीज’ या पोलाद कंपनीत कामाला लागला.

पण हक्क सोडून द्यायला तो तयार नव्हता. जॉन मॅडॉक्स नावाच्या जाणकार गृहस्थांच्या मदतीनं त्यानं अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि ५ सप्टेंबर १९१६ ला त्याला ते मिळालं. आता फर्थ कंपनीला त्याच्याशी बोलावंच लागलं. १९१७ मध्ये दोघांनी मिळून ‘फर्थ-ब्रिअर्ली स्टेनलेस स्टील सिंडिकेट’ काढलं. कंपनीचं आणि जुन्या नोकराचं नाव एका ओळीत आलं.

तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. घरच्या सुऱ्यांपेक्षा लढाई महत्त्वाची ठरली आणि हे पोलाद विमानाच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हसाठी वापरलं जाऊ लागलं. बंदुकीत फेल गेलेलं पोलाद शेवटी युद्धात कामी आलं, पण वेगळ्याच जागी.

पहिला तोच होता का?

या प्रश्नाचं सरळ उत्तर देणं कठीण आहे. फ्रान्सच्या पिएर बर्थिए यांनी १८२१ मध्येच क्रोमियम मिसळलेलं लोखंड ॲसिडला दाद देत नाही हे बघितलं होतं. सुऱ्यांसाठी ते वापरावं असंही त्यांनी सुचवलं होतं. पण तेव्हा कमी कार्बनचं क्रोमियम मिळत नव्हतं आणि त्यामुळं पोलाद ठिसूळ व्हायचं. जर्मनीत क्रुप कंपनीच्या एडुआर्ड माउरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी १९१२ मध्ये क्रोमियमसोबत निकेल घालून वेगळ्या जातीचं न गंजणारं पोलाद केलं. अमेरिकेत एलवूड हेन्स त्याच वाटेवर होता आणि पेटंटवरून त्याचा ब्रिअर्लीच्या पेटंटशी सामनाही झाला.

म्हणजे न गंजणारं पोलाद एकट्या ब्रिअर्लीनं शोधलं असं म्हणणं बरोबर नाही. त्याचं वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यानं हे पोलाद लॅबमधून जेवणाच्या टेबलावर आणलं.

आज आपल्या भांड्यांवर जो १८/८ हा आकडा दिसतो, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, तो ब्रिअर्लीच्या पोलादाचा नाही. ते पोलाद १९२४ मध्ये फर्थच्या लॅबमध्ये विल्यम हॅटफिल्ड यांनी पुढं आणलं. हॅटफिल्ड म्हणजे ब्रिअर्ली सोडून गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसलेले गृहस्थ.

पण गंमत बघा. १८/८ स्टीलला सहसा लोहचुंबक चिकटत नाही. ब्रिअर्लीच्या निकेल नसलेल्या पोलादाला चिकटतं. तुमच्या पॅनच्या तळाला चुंबक लावून बघा. इंडक्शनवर चालणारं असेल तर तो चिकटेल. कारण इंडक्शनसाठी बाहेरचा थर चुंबकीय स्टीलचा लागतो. तो थर ब्रिअर्लीच्या पोलादाच्या जवळच्या नात्यातला असतो आणि आतली जाळी साधारणपणे हॅटफिल्डच्या घराण्यातली. आयुष्यात एकाची खुर्ची दुसऱ्याकडं गेली, पण पॅनमध्ये दोघांचं पोलाद एकत्र नांदतंय.

शेवटची वर्षं

१९२० मध्ये ब्रिटनच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटनं ब्रिअर्लीला बेसेमर सुवर्णपदक दिलं. पोलादाच्या क्षेत्रात हा मोठा मान समजला जातो. १९२५ मध्ये तो ब्राऊन बेलीजचा संचालक झाला. मजुराचा मुलगा कंपनीच्या बोर्डावर बसला.

तरी भट्टीवरच्या कारागिरांबद्दलची आपुलकी त्यानं सोडली नाही. नुसत्या डोळ्यांनी पोलादाचा रंग बघून तापमान ओळखणाऱ्या माणसांबद्दल त्यानं आपल्या पुस्तकांत आवर्जून लिहिलं. १९४१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी त्यानं ‘फ्रेशगेट’ नावाचा ट्रस्ट सुरू केला. पैशाअभावी ज्यांना शिकता, फिरता, नवं काही बघता येत नाही अशांना हातभार लावायचा, हा त्यामागचा विचार. ज्याला बाराव्या वर्षी शाळा सोडावी लागली, त्यानं असा ट्रस्ट काढावा यात नवल नाही.

१९४८ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात त्याचं निधन झालं. २०१३ मध्ये त्या भट्टीतल्या घाण्याला १०० वर्षं झाली तेव्हा शेफिल्डमध्ये एका इमारतीच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र रंगवण्यात आलं.

आता तुमच्या पॅनकडं या

ब्रिअर्लीच्या तुकड्याला ॲसिड का खाऊ शकलं नाही? कारण पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा फक्त काही नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट पातळ. दिसत नाही, पण तोच गंज अडवतो. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ओरखडा पडला तर हवा लागताच तो पुन्हा तयार होतो. स्टील स्वतःची जखम स्वतः भरून काढतं.

हायब्रिड पॅनच्या खळग्यांमधलं काळं कोटिंग मात्र असं नाही. बहुतेक पॅनमध्ये ते पीटीएफई असतं, ज्याला लोक टेफ्लॉन म्हणतात. तेही असंच अनपेक्षित सापडलं. ६ एप्रिल १९३८ ला अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीचा रॉय प्लंकेट वायूचं सिलिंडर उघडायला गेला, तर वायूऐवजी आत मेणचट पांढरी पूड निघाली. या पदार्थाला काहीच चिकटत नाही. पण एकदा खरवडला किंवा जळला की तो परत भरून येत नाही.

म्हणून साधा हिशेब असा : स्टील भरून निघतं, कोटिंग नाही. पॅन वापरताना काळजी कोटिंगची घ्यायची. उभारलेली स्टीलची जाळी उलथन्याचा मार स्वतःवर घेते आणि खळग्यातलं कोटिंग वाचवते, ही या पॅनची मूळ कल्पना. पण जाळी कोटिंगला उष्णतेपासून वाचवू शकत नाही.

आता एकेक बघू.

आच मध्यम ठेवा. पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढं खराब व्हायला लागतं. रिकामं पॅन मोठ्या आचेवर ठेवलं तर तिथं पोचायला फार वेळ लागत नाही. फार तापलं तर त्यातून निघणारा धूर पाळीव पक्ष्यांसाठी जीवघेणा असतो. चांगल्या पॅनमध्ये स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं. ते स्टीलपेक्षा साधारण १५ पट चांगली उष्णता वाहून नेतं. त्यामुळं मध्यम आचेवरही पॅन सगळीकडून नीट तापतं. इंडक्शनवर तर एकदम फुल पॉवर लावूच नका.

भाकरीसाठी लोखंडी तवाच बरा. भाकरीला कोरडा, कडक तापलेला तवा लागतो. नेमकं तेच कोटिंगला मानवत नाही. थालीपीठ, धिरडी, ऑम्लेट, परतलेल्या भाज्या, मासे यासाठी हायब्रिड पॅन मस्त.

थोडं तेल घाला. खळग्यात नॉन-स्टिक असलं तरी पदार्थ टेकतो तो स्टीलच्या उंचवट्यांवर. पूर्ण नॉन-स्टिक तव्याइतकं हे पॅन निसटतं नसतं. पॅन जरा गरम झालं की चमचाभर तेल किंवा तूप पसरा, मग पदार्थ टाका. अंडं चिकटायची तक्रार बरीचशी इथंच संपते.

लाकडी उलथनं वापरा. धातूचं चालतं असं बऱ्याच पॅनच्या बॉक्सवर लिहिलेलं असतं. हलक्या हातानं चालेलही. पण टोकदार कड खळग्यात घुसली की कोटिंग गेलं. पॅनमध्येच सुरीनं कापाकापी तर नकोच.

मीठ उकळत्या पाण्यात टाका. थंड पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसून राहतं आणि मिठातला क्लोराइड स्टीलच्या पापुद्र्याला भोकं पाडतो. मग बारीक खड्डे दिसतात. ते भरून निघत नाहीत. याच कारणासाठी ब्लीच असलेली पावडर किंवा लिक्विड वापरू नका आणि खारट पदार्थ रात्रभर भांड्यात ठेवू नका.

तारेची घासणी लांब ठेवा. ती कोटिंग खरवडते. शिवाय साध्या पोलादाच्या घासणीचे बारीक कण भांड्यात अडकतात आणि तेच गंजतात. आपल्याला वाटतं भांडं गंजलं. मऊ स्पंज आणि भांडी घासायचं लिक्विड पुरतं. करपलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजत ठेवा.

गरम पॅन नळाखाली धरू नका. आतले थर वेगवेगळ्या वेगानं आक्रसतात आणि तळ वाकतो. वाकलेला तळ इंडक्शनवर नीट बसत नाही. आधी थंड होऊ द्या.

डाग बघून घाबरू नका. इंद्रधनुषी रंग दिसले तर समजा उष्णतेनं तो ऑक्साइडचा पापुद्रा थोडा जाड झालाय, बाकी काही नाही. पांढरे ठिपके म्हणजे बोअरच्या जड पाण्यातले क्षार. दोन्हींवर उपाय एकच : व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, पुसा, धुवा. १९१३ मध्ये ज्या दोन गोष्टी लावून ब्रिअर्लीनं आपलं पोलाद तपासलं होतं, त्याच दोन गोष्टी आज त्याच्यावरचे डाग काढायला चालतात.

आणि एवढं करूनही काही वर्षांनी खळग्यातलं कोटिंग उडायला लागलं, सोलून निघायला लागलं, तर ते पॅन बदलायची वेळ आली असं समजा. कोटिंगचं आयुष्य मोजकं असतं. तुमच्या घरातली जुनी स्टीलची वाटी मात्र तोवर आणखी एका पिढीकडं गेलेली असेल.